डावा पीळ

माझी बायको सिग्रिद वारली, त्यानंतरच्या पहिल्याच कापणीत मला ती पेंढी सापडली. डाकोटातल्या आमच्या शेतावर आता घोड्यांनी ओढायची यंत्रं गहू कापतात आणि पेंढ्या सुतळीनं बांधून मागे टाकतात. ही पेंढी मात्र गव्हाच्याच काड्या पिळून बांधलेली होती, आणि पीळ उलटा होता. माझी बायको डावरी होती. असा पीळ तिच्याशिवाय कोणी घालत नसे.

माझ्या यंत्रामागे पेंढ्या उभ्या करायला माझा धाकटा भाऊ तोस्तेन एकटाच होता.

"हे तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"आस्लेदादा, ऊन लागलंय तुला. टोपी घाल."

"सिग्रिदनं ना? कधी?"

तो हसायचा थांबला. "वहिनीचं नाव असं घेऊ नकोस. मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही."

मला पटलं नाही. मी कामावर असताना ती दोघं कधी भेटत असतील, तेच डोक्यात घोळत राहिलं. तशा आणखी पेंढ्या निघाल्या, तेव्हा मी त्याला यंत्रावर माझ्या पायाशी बसवलं. त्याचे हात मला दिसत होते.

थोडं पुढे जाऊन चारही घोडे थांबले. चाबूक दाखवला तरी हलेनात.

समोरच्या न कापलेल्या गव्हात एक झुपका बांधलेला होता. त्याची मुळं जमिनीतच होती. आजूबाजूची एकही काडी तुडवलेली नव्हती.

"दादा," तोस्तेन पुटपुटला, "मी इथंच आहे ना?"

झुपक्याशेजारच्या काड्या हलल्या, एकमेकींजवळ आल्या, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांच्याभोवती डावा पीळ बसू लागला.