कोणासंगं?

"गोजाआत्या, आपल्या घरातली काशी कोणासंगं पळाली होती गं?"

विचारलं! जयवंतीनं खरंच विचारलं. कुडाच्या भिंतीपलीकडे तिच्या वर्गातल्या पुष्पलता आणि कशफ तोंडावर ओढण्या दाबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. "विचारशील तर मानू तुला!"

साखरशेतच्या या घरात काशीचं नाव काढायची बंदी होती. बाई होऊन गेली शंभर वर्षांपूर्वी, आणि अडकून पडल्या होत्या आजच्या मुली. शाळा सुटली की घर. सहलीला नाही, वरातीत नाचायला नाही. सगळ्या आत्यांची लग्नं दहावीच्या आत उरकलेली. परवा सरांनी जयवंतीला पंधराशे मीटर धावायला जिल्ह्यावर निवडलं. पालघरला मुक्काम. बाबा म्हणाले, "आपल्या घरातल्या मुली पळत नाहीत." विषय संपला. आईनं नुसती भाकरी उलटली.

गोजाआत्या म्हणजे आजोबांची थोरली बहीण. ती अंगणात नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं बडवत होती. तिचा हात थांबला.

"दोघांसंगं," ती म्हणाली.

कूड खिदळला.

"दोन शिपाई व्हते. हिच्या हातात बेडी. खोडाळ्याहून कसाऱ्याला नेत व्हते, आगगाडीत घालाया. काळं पानी झालं व्हतं तिला. सावकाराचा मुकादम घरात शिरला, तं हिनं कोयता हाणला."

"मग?"

"मंग काय! घाटात शिपाई बिडी पेटवाया थांबले. हिनं खाली उडी टाकली. बेडीसकट पळाली, पार दाभोशाच्या रानात. एकटी."

कुडाच्या फटींना आता दोन डोळे चिकटले होते.

"मग गाव का म्हणतं, कोणीतरी नेली?"

"माज्या आज्यानं उठवलं ते. तिच्या भावानं. शिपाई दारात आले, तं म्हनला, गेली कोनाचा तरी हात धरून. शिपाई जोडपं हुडकत बसले. ती वाचली." आत्यानं बडवणं पुन्हा उचललं. "खोटं तेवढं घरात ऱ्हायलं."

"आणि तू कधी बोलली नाहीस?"

"कोनी इचारलं? काशी म्हनलं का सारे चूप म्हनायचे. तूच पयली."

संध्याकाळी बाबा कचेरीतून आले आणि जेवायला बसले. आई वाढत होती. गोजाआत्या भिंतीला टेकून पान कुटत होती. जयवंती दारात येऊन उभी राहिली. पायात शाळेचे बूट, लेस घट्ट बांधलेली.

"आई, बाबा, मी पळणार आहे."

आईच्या हातातली पळी खाली पडली. बाबा ताटावरून ताडकन उठले.

"कोणासंगं?"

गोजाआत्याला हसू आवरेना.

"एकटी," जयवंती म्हणाली. "काशीसारखी."