सगळ्यात मोठा गिटारवाला

दर रविवारी तिच्या नवऱ्याची आणि दिराची जुंपायची : तो झिपऱ्या रॉकवाला मोठा की ब्लूजवाला म्हातारा? दीर बोलून बोलून चहा गार करायचा. नवरा मात्र गिटार उचलायचा, म्हाताऱ्याची एकच सुरावट वाजवायचा आणि भावाची बोलती बंद करायचा.

आज त्यानं दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा अडखळला आणि गिटार खाली ठेवली. "जाऊ दे. तुझाच झिपऱ्या मोठा."

"साक्षीला आहेस हं वहिनी, दादा हरला," दीर खूश होऊन म्हणाला.

तिला हसू येईना. नवऱ्यानं हा वाद सोडलेला तिनं कधी पाहिला नव्हता. त्याची कळी खुलावी म्हणून तिनं तान्ही लेक त्याच्यापुढे धरली.



त्यानं डावा हात पाठीमागे नेला. "तुझ्याकडेच असू दे. माझ्या हातून पडेल ती."