मिरवणुकीतला फोटो

स्वतःचाच फोटो पाहून डेल्फिनाने करकचून ब्रेक दाबला.

मिरवणूक मेलेल्या माणसांच्या आठवणीची होती. मेक्सिकोच्या सीमेजवळचं टूसॉन शहर त्या संध्याकाळी घराबाहेर पडलं होतं. ज्याच्या त्याच्या हातात आपापल्या मेलेल्या माणसाचा फोटो होता, तोंडाला कवटीचा रंग फासलेला होता, आणि पुढे कर्णे-व्हायोलिनवाले जीव तोडून वाजवत होते. सायकलवाल्यांनी सायकली कागदी फुलांनी मढवल्या होत्या. डेल्फिना ब्राकामोंतेचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तिने आपल्या सायकलीमागे स्वतः वेल्डिंग करून एक गाडा जोडला होता. गाड्यात तिची म्हातारी आई रेफुजिओ ढोल बडवत बसली होती.

फोटो एका पोरीने छातीशी धरला होता. विशीतली असेल. तोंडाला रंग नाही, पाठीवर प्रवासाची पिशवी. फोटोत तरुण डेल्फिना लाल सायकलवर बसून हसत होती. मागे अंगणातला उंच निवडुंग दिसत होता. आईने काढलेला फोटो. कुठेतरी हरवला, असं आईच म्हणाली होती.

"कुणाचा गं हा फोटो?" डेल्फिनाने कसंबसं विचारलं.

"माझ्या आईचा. मी तीन वर्षांची असताना तापाने गेली. मला काही आठवत नाही. म्हटलं, निदान तिच्या गावात तिला एकदा मिरवावं."

"तुझं नाव काय?"

"मारिसेला."

डेल्फिनाच्या लेकीचंही नाव हेच. नवरा एफ्राइन एके दिवशी तिच्या मारिसेलाला उचलून निघून गेला होता. डेल्फिना तेव्हा रात्ररात्र बँडमागे फिरायची, दारूत बुडालेली असायची. पोर गेली आणि तिने बाटली सोडली ती कायमची. सगळीकडे शोधलं. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या आईनेच तिच्याबरोबर झिजवल्या. पोरीच्या वाढदिवसाला आई न चुकता केक आणायची आणि मग दोघी गळ्यात पडून रडायच्या. "देव आणील गं तिला," आई म्हणायची.

"तुम्ही ओळखत होता का माझ्या आईला?" पोरीने विचारलं.

डेल्फिना सायकलवरून उतरली. "तू... कुणाबरोबर आलीस?"

"एकटीच. मेक्सिकोतल्या एर्मोसिओहून, बसने. माझी आजी इथे असते, तिला चकित करायचंय. दर ईस्टरला ती आमच्याकडे येते, पण मला काही इकडे येऊ देत नाही. म्हणते, तिथे येऊन उगाच रडशील."

एफ्राइनची आई तर लग्नाच्याही आधी वारली होती.

मागचा ढोल थांबला.

"मारिसेला! इकडे पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं होतं ना तुला!"

"आजी!" पोर धावत गाड्याशी गेली, म्हातारीच्या गळ्यात पडली. "रागावू नकोस ना. बघ, आईला घेऊन आलेय." मग तिचं लक्ष डेल्फिनाकडे गेलं. "ह्या कोण? तुझ्या ओळखीच्या आहेत?"

डेल्फिनाने सायकलीची पाण्याची बाटली काढली, तोंडावर ओतली आणि बाहीने खसाखसा चेहरा पुसला. पांढरा-काळा रंग गळ्यावरून ओघळला.

पोरीने तिच्याकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"तेव्हा तुला शुद्ध तरी होती का गं?" म्हातारी लेकीवर एकदम ओरडली. "ही पोर मला रस्त्यात सापडली होती, धावत्या गाड्यांच्या मधोमध! तू घरात आडवी. मीच एफ्राइनला म्हटलं, घेऊन जा हिला, जगेल तरी."

"आणि मी दारू सोडल्यावर? तेव्हा का नाही बोललीस, आई?"

म्हातारीचा आवाज खाली आला. "तोवर हिला सांगून बसले होते, तू मेलीस म्हणून."

मागचे लोक त्यांना वळसा घालून पुढे जात होते. डेल्फिनाने हात पुढे केला, पण पोर तिच्याकडे आली नाही. ती गाड्यापासून दोन पावलं मागे सरली.

"तू तर माझ्याबरोबर रडायचीस, आजी!"

डेल्फिनाच्या ओठांवर नेमकं तेच वाक्य आलं होतं.