निळं टमरेल

स्नेहाने लॅबमध्ये जंतू वाढवलेली प्लेट उघडली आणि लगेच झाकली. खिडकीशी नेऊन पुन्हा उघडली, जणू उजेड बदलला की जंतूही बदलणार होते.

प्लेटवर औषधाच्या सहा चकत्या होत्या. औषध लागू पडलं की चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. आठ दिवसांपूर्वी सहाच्या सहा कडी उमटली होती आणि तिने हसत हसत रिपोर्ट लिहिला होता. आज एकही नव्हतं. जंतू चकत्यांना खेटून माजले होते. पट्टीवर नाव होतं सुलाबाई, खाट पाच. स्नेहाची आई.

नमुने बदलले असतील, अशी वेडी आशा तिने धरली. शेजारच्या चार नंबरच्या वत्सलाबाईंचा जंतू असाच होता, कोणत्याही औषधाला भीक न घालणारा. पण तो चिकट. सुईने उचलला की पाकासारखी तार सुटते. हा कोरडा, चपटा, आईचाच. मात्र आईची लघवी ज्या मूळ प्लेटवर पसरली होती, तिच्या काठाला दोन ठिपके चकाकत होते. तिने सुई टेकवून उचलली. तार सुटली.

लॅबच्या मॅडमनी बराच वेळ पाहिलं. दोन्ही जंतू भाऊबंदच, त्या म्हणाल्या. औषध पचवायची विद्या त्यांच्या पोटात एका चिमुकल्या वेटोळ्यावर लिहिलेली असते. एक जण शेजाऱ्याला चिकटतो आणि वेटोळ्याची नक्कल त्याला देऊन टाकतो. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, घेणारा मात्र रातोरात बदलतो.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. वाण नाही पण गुण लागला, हे स्नेहाने मनातच पुरं केलं.

आता एकच औषध उरलं होतं, आणि आईची किडनी ते सोसेल याची खात्री कोणी देत नव्हतं.

पण चारचा जंतू पाचवर गेला कसा, असं मॅडमनी विचारलं. ही लॅब ज्या नाशिकच्या इस्पितळाची, तिथे रोग्याची लघवीची पिशवी घरचेच रिकामी करत. वत्सलाबाईंची सून लंकाबाई हरसूलहून येऊन खाटेशी बसून होती. मी ड्युटीवर असते, माझ्या आईचंही जरा बघाल का, असं स्नेहानेच तिला विनवलं होतं. एका पिशवीवरून दुसरीला जाताना हात धुवा, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, जमलं नाही. आपल्या आईची घाण काढणाऱ्या बाईला हात धुवा कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर ती जिवावर उठली होती.

ती धावतच वॉर्डात गेली. आई तापाने डोळे मिटून पडली होती. लंकाबाईने निळ्या टमरेलात वत्सलाबाईंची पिशवी रिकामी केली, ते ओतून आली, नळाखाली विसळलं आणि तेच आईच्या पिशवीखाली धरलं.

"मावशी, थांबा."

लंकाबाई दचकली. तिने टमरेलाकडे पाहिलं, मग स्नेहाच्या चेहऱ्याकडे.

"काय झालं वं पोरी? इसळलंय ना मी. तुझ्या आईचं करताना मला किळस नाय येत. सासूचं करते तसंच करते."

स्नेहाला बोलायचं होतं. या बाईने आठ दिवस आईला पेज भरवली होती, आईचे केस विंचरले होते. स्नेहाने तिच्या हातातून टमरेल काढून घेतलं.

लंकाबाईला वाटलं, पोर आईच्या काळजीनं घाबरलीय. तिने ओल्या हाताने स्नेहाचा गाल कुरवाळला.

"भिऊ नको. लय माया लागली बघ हितं समद्यांची. ज्यांचं कुनी नाय, त्यांच्या पिशव्या बी मीच बघते."

स्नेहाने वॉर्डभर नजर फिरवली. सहा, सात, आठ, नऊ. एकूण एक खाटेखालची पिशवी रिकामी होती.