ड्रायव्हरकडची काच

दाराच्या आत हात घालून घालून त्याची बोटं सोलून निघाली होती. गाडी बायकोची. ड्रायव्हरकडची काच खाली गेली की वर येत नाही, मेकॅनिककडे नेऊ या, असं ती दोन महिने कानीकपाळी ओरडत होती. "त्यात काय एवढं? मीच बसवतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्यावरूनच चार दिवस अबोला होता. आज एकदाचा काच वर-खाली करणारा नवा रेग्युलेटर आणला, तर तो बसवताना नाकी नऊ आले. कव्हरच्या क्लिपा तुटल्या, तार गुंतली, काच दोनदा दाराच्या पोटात घसरली. शेवटी शिव्याही संपल्या.

"जरा काच धरतेस?"

ती आली. दोन्ही तळव्यांत काच तोलून पंधरा मिनिटं उभी राहिली, तेव्हा कुठे बोल्ट बसले. त्याने बटण दाबलं. काच सरसर वर गेली, सरसर खाली आली.

"बघ! उगाच मेकॅनिक मेकॅनिक करत होतीस."

"झालं सगळं?"

"एकदम पक्कं. आता दहा वर्षं बघायला नको."

तिने हात पुसले, आत बसून किल्ली फिरवली. मागच्या सीटवर तिची मोठी बॅग होती. अवजारं ठेवायला सकाळपासून त्यानेच ती तीनदा बाजूला सरकवली होती.

"अगं, निघालीस कुठे? ऐक तरी..."

काच वर गेली. कुठेही न अडकता.