मिश्रणाचा स्क्रू

एका छोट्या, जुन्या मोटारीच्या इंजिनाची तपासणी चालू असता एका बापाचा निवाडा कसा झाला, ते येथे नम्रपणे निवेदन करीत आहे.

"तुमचा स्क्रू बरोबर आहे," मिस्त्री बॉनेटखालून हळूच म्हणाला.

घड्याळजी जवळ सरकला. हवा-पेट्रोलाच्या मिश्रणाचा तो स्क्रू त्याने स्वतःच, घड्याळाच्या पेचकसाने आवळला होता. पेट्रोल कमी जळावे, एवढाच हेतू. पुढे एका सकाळी बायकोला धाप लागली. रुग्णालयाच्या चढावर गाडी रडतखडत चालली. बायकोच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ती सारखी त्याच्या पायाकडे बघत होती. दारात पोचेपर्यंत सर्व आटोपले होते.

"पेट्रोल वाचवलंत, आई गेली," असे मुलगी एकदाच म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतेच बोले. आज ती मुद्दाम सोबत आली होती. बाहेर जुन्या टायरवर बसून होती. मिस्त्री सांगेल ते तिला मान्य होते.

"मग चढ का चढेना?" घड्याळजीने विचारले.

"घाबरू नका, नवा कार्बोरेटर गळ्यात मारत नाही. आधी फुकटातले उपाय."

मिस्त्रीने प्लग घासले. पॉइंटमधली फट मोजली. टायमिंग पाहिले. कशातच खोट नव्हती.

"आत बसा. पेडल तळापर्यंत दाबा."

"दाबलंय."

"अहो, घड्याळाला चावी देताय का? पूर्ण दाबा."

"पूर्णच आहे."

"इथली कार्बोरेटरची झडप तर अर्धीच उघडतेय."

घड्याळजीने वाकून रबरी चटई उचलली. पेडलच्या मागे लाकडाचा एक ठोकळा तारेने बांधलेला होता. आवाज होऊ नये म्हणून तो हिरव्या कापडात शिवलेला होता. कापड त्याच्याच दुकानातील टेबलावरचे होते. त्याचा कोपरा फार मागे नाहीसा झाला होता. "उंदरांनी नेला असेल," असे बायको म्हणाली होती. त्याने पिंजराही लावला होता. कडेची बारीक टीप तिच्याच हातची होती. त्यानंतर तिने "जरा हळू चालवा" म्हणणे सोडले होते; आणि गाडी म्हातारी झाली, असे तो समजून चालला होता.

त्याला रडू आले नाही. काहीच आले नाही. ती पायाकडे का बघत होती, एवढे मात्र कळले. त्याने तार सोडवली.

मिस्त्रीने खिडकीतून डोकावून पाहिले. "हे कुणाचं डोकं? यापायी गाडी निम्म्या दमावर चालत होती. अहो, तुम्ही सुटलात की. पोरीला बोलावतो."

घड्याळजीने ठोकळा खिशात घातला.

"मिस्त्री, एवढं पोटात ठेवा."

आवाज ऐकून मुलगी उठून आली. तिने आधी मिस्त्रीकडे पाहिले. मिस्त्री हात पुसू लागला, ते पुसतच राहिला.

"काय निघालं, बाबा?"

"तू म्हणत होतीस तेच," घड्याळजी म्हणाला. "स्क्रू."

येथवर वाचलेत, हे आपले उपकार मानतो.
विश्राम गोविंद तळेकर