सगळे पास

मनीषला यात मिळायचं ते एवढंच: कटिंग चहा आणि ‘मास्तर’ म्हणून मिरवायची हौस. तारापूरच्या त्या केमिकल कारखान्यात सुरक्षेचं शिक्षण मोबाइलवर आलं. प्रत्येकाने व्हिडिओ बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापले फोन मनीषपुढे मांडत आणि आडवे होत; व्हिडिओ बघून सगळ्यांची उत्तरं मनीषच देई. “मास्तर, मला जरा बरे मार्क पाड हां,” भगवंत डोळे मिटूनच सांगायचा. दोस्तांना डुलकी मिळाली, साहेबांना ‘सर्व पास’चा अहवाल मिळाला. तोटा कुणाचाच दिसत नव्हता.

मग एका दुपारी वायू गळला. सगळे सवयीने गेटकडे धावले, आणि वाराही वायूला घेऊन तिकडेच निघाला होता. “वाऱ्याला आडवे पळा रे!” मनीष ओरडला, तसे मागचे वळले. सर्वांत पुढे असलेल्या भगवंताला मात्र मनीषनेच ओढून बाहेर काढलं.

बोईसरच्या दवाखान्यात भगवंताच्या तोंडाला ऑक्सिजन होता आणि त्याच्या बायकोच्या, वर्षाराणीच्या, तोंडाला खंड नव्हता. “भाऊजी, शिकलात दोघं एकच ना? तुमचं ध्यान होतं म्हणून आज हे दिसतायत. यांचं कधी कशात लक्ष असतं का? झोपले असतील तिथंही!”

“वहिनी, खरं सांगू का...” मनीषने सुरुवात केली, तोच भगवंताने चादरीखालून त्याचा हात घट्ट दाबला.

फुप्फुसं भगवंताची जळली, बोलणीही त्यानेच खाल्ली, आणि आभार तेवढे मनीषला पचवावे लागले.